पळणाऱ्या पोरीचा खुराक

कोल्हापुरात बाईमाणूस रस्त्यानं पळायला लागलं की लोक आधी तिच्या मागं बघतात. कुत्रं लागलंय की नवरा? मागं कुणीच दिसलं नाही की मग तिच्याकडं बघतात, आणि पोरीच्या डोक्याचा स्क्रू ढिला आहे हे त्या नजरेत अगदी स्पष्ट दिसतं. मी शाळेत असल्यापासून ही नजर झेलली. शिरोलीच्या आमच्या वस्तीतून पहाटे निघायचं, हायवेच्या कडेकडेनं पळायचं आणि एमआयडीसीची पहिली पाळी सुरू व्हायच्या आत घरी यायचं. ट्रकवाले मुद्दाम हॉर्न मारायचे. मी त्यांना हातानं जे उत्तर द्यायची, ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

माझं नाव संघप्रिया. वडील केरबा, त्यांना आम्ही आबा म्हणतो, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. आई अंजना लोकांच्या मळ्यात भांगलायला जायची. भांगलताना जे तण उपटून बांधावर टाकायचं, त्यातलं खाण्यासारखं ती पदराच्या ओट्यात भरून आणायची. तांदळी, पाथरी, घोळ, नशीब असेल तर तांबडा माठ. सोबतीला नाचणीची आंबील. शाळेत पोरं मला ‘पालाखाऊ’ म्हणायची. त्यातल्या दोघांना मी बदडलं. तिसरा पळाला, पण माझ्या पुढं पळून जाणार कुठं?

आमच्या गावात खेळ म्हणजे कुस्ती. फार तर फुटबॉल, तोही पेठेपेठेत भांडणं लावायला. अशा गावात मी जिल्ह्याची क्रॉसकंट्री जिंकले, दोन हजार सालच्या पावसाळ्यात, ढोपरभर चिखलातून. बक्षीस द्यायला गणपतराव आले होते. गणपतराव म्हणजे शहरातल्या एका जुन्या तालमीचे वस्ताद. तरुणपणी नावाजलेले पैलवान. कान मोडलेले, मान नावालाच, आवाज असा की शेजारच्या गल्लीतलं पोर झोपेतून उठावं. त्यांनी माझ्या हातात ढाल दिली, कर्णा ओढून घेतला आणि जाहीर करून टाकलं की ही पोरगी आजपासून आपल्या तालमीची आणि हिचा खुराक मी लावला. मला विचारलं नाही, आबांना विचारलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खुराक लावणं ही साधी गोष्ट नव्हे. आमच्याकडं पैलवान कुणाचा पोरगा हे नंतर विचारतात, आधी विचारतात कुणाचं दूध पितो. ज्याचा खुराक त्याचा पठ्ठा. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, संध्याकाळी मटण, सगळं वस्ताद बघणार, आणि पठ्ठ्यानं पडायचं नाही एवढंच बघायचं. कुस्तीच्या दिवशी सकाळी वस्ताद पठ्ठ्याला दूधकट्ट्यावर नेतात. तिथं म्हशी रस्त्याकडेलाच बांधलेल्या असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला काचेच्या गलासात दूध मिळतं, पण वस्तादांचा स्वतःचा पितळी लोटा असतो. डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाळलेल्या दुधात तूप सोडायचं, हलगी कडाडायची, आणि वस्तादांनी आपल्या हातानं लोटा पठ्ठ्याच्या तोंडाला लावायचा. चार लोकांनी ते बघायचं. मग मैदान.

तो लोटा माझ्या तोंडाला पहिल्यांदा लागला त्या दिवशी आबा तिथं होते. पाळी बुडवून आले होते. मी लोटा रिकामा केला आणि बघते तर आबा भिंतीकडं तोंड करून सदऱ्यानं डोळे पुसत होते. त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आज्याला, गावात ताक मागितलं तर ओंजळीत वरून ओतायचे, भांडं लागू नये म्हणून. हे आबांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, तेही अर्धवट. आता त्याच आज्याच्या नातीला गावातला मोठा वस्ताद स्वतःच्या लोट्यानं भर चौकात दूध पाजतो. ‘आमच्या तालमीत जातपात न्हाय,’ असं गणपतराव दर दोन वाक्यांनी म्हणायचे, आणि आबा दर वेळी हात जोडायचे. वस्तीत आबांनी ती लोट्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की शेवटी लोक त्यांना बघून वाट बदलायला लागले.

त्यामुळं झालं काय, की त्या दुधानं माझ्या पोटात काय चाललंय हे सांगायला मला तोंडच उरलं नाही.

पैलवानाला वजन म्हणजे दौलत. तो समोरच्याला उचलतो, आपटतो आणि मोकळा होतो. मला माझंच वजन दहा किलोमीटर वाहून न्यायचं असतं, आणि वाटेत कुणी हात द्यायला येत नाही. म्हशीचं दूध आणि तूप पिऊन पळायला लागलं की दोन-तीन किलोमीटरवर पोटात पिळा पडायचा. पाय जड. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा आंबलेल्या की उठता-बसता आई आठवावी. सांगलीच्या शर्यतीत मी पहिली चालले होते. मधेच रस्ता सोडला आणि उसात शिरले. का शिरले ते सांगत बसत नाही. बाहेर आले तोवर सगळ्या पोरी पुढं गेल्या होत्या आणि रस्त्याकडेचा एक म्हातारा खो-खो हसत होता.

गणपतरावांनी निदान केलं, खुराक कमी पडतोय.

म्हणजे त्यांनी दूध वाढवलं. मी इस्लामपुरात ओकले, तर तूप वाढवलं. साताऱ्यात शर्यत अर्धवट सोडली, तर बदाम वाढवले. माणूस प्रेमळ होता, यात खोटं काही नाही. पोटच्या पोरीला देणार नाही इतकं मला देत होता. पण जन्मभर तालमीत काढलेल्या माणसाला दुखण्यावर एकच औषध ठाऊक, ते म्हणजे अजून एक लोटा. आणि मी हारत होते. वर्षभर नुसती हारत होते.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजात अवंतिका मॅडम आल्या. गृहविज्ञान शिकवायच्या. घरदार मास्तरांचं, नेसणं-बोलणं नीटनेटकं, आणि उत्साह एवढा की फळ्यावरचा खडू मोडायचा. त्यांनी खेळाडू पोरींसाठी एक व्याख्यान ठेवलं. लांब पल्ल्याचं पळताना शरीर जास्त प्राणवायू वापरतं, त्यातून आतल्या आत काही घातक कण तयार होतात, ते स्नायूंना त्रास देतात, आणि ते आवरायला अँटीऑक्सिडंट लागतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग ते कशातून मिळतात याची नावं फळ्यावर लिहिली. ब्लूबेरी. ब्रोकोली. अजून काय काय.

मी उभी राहिले. म्हणाले, मॅडम, ही फळं लक्ष्मीपुरीच्या बाजारात कुठल्या बाजूला मिळतात? वर्ग हसला. मॅडम लाल झाल्या. पण बाई सच्ची होती. म्हणाली, ‘खरं सांगू का, मीसुद्धा पुस्तकातच बघितली आहेत.’ मग त्यांनी फळा पुसला आणि म्हणाल्या, की नाव सोडा, रंग बघा. गडद लाल, जांभळं, काळपट हिरवं. असं तुमच्याकडं काय खातात?

वर्गातून एक एक नाव यायला लागलं. जांभळं, करवंदं, बीट, शेवग्याचा पाला. कुणी आवळा म्हणालं. कुणीतरी तांबडा माठ म्हणालं, नाचणी म्हणालं, आणि मॅडम प्रत्येक नावाला ‘वा, वा’ करत लिहीत सुटल्या. फळ्यावर माझ्या आईचा ओटा मांडला होता. ज्या पाल्यापायी मी दोघांना बदडलं, त्याला आता टाळी पडत होती. मला आनंद झाला असता तर बरं झालं असतं. मला राग आला. काल शेण होतं ते आज शहाण्यांनी हात लावल्याबरोबर प्रसाद झालं होय?

पण राग आला म्हणून पोट थोडंच थांबतं. मी ठरवलं, करून बघू.

घरी आल्यावर आबांना ते सगळं सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. ‘म्हंजे लोखंडाला गंज चढतो तसा माणसाला बी आतनं चढतो व्हय?’ म्हणाले आणि मान हलवत राहिले. गंजाचं त्यांना पटलं. आईला मात्र काहीच पटलं नाही. उद्यापासून दुधाऐवजी आंबील आणि पालेभाजी खाणार म्हणाल्यावर तिनं हातातली पळी खाली ठेवली.

‘मी जलमभर दुसऱ्याच्या मळ्यातलं तण खाल्लं,’ ती म्हणाली. ‘ते कशापायी? तू दूध प्यावंस म्हणून. आन् आता दूध दारात आलंय तर तू परत तण खाणार. माझ्या हातनं मी ते शिजवणार न्हाय.’

तिचं चुकत नव्हतंच. पण माझंही चुकत नव्हतं. मी स्वतः चूल पेटवली. पहिल्या दिवशी आंबील करपली, आईनं बघितलं आणि तोंड फिरवलं. आवळे मी बाजारातून आणायची, मीठ लावून वाळवायची. गुऱ्हाळावरून काकवी आणायची. बांधावरचा माठ स्वतः उपटायची. मॅडमनी गोळ्यांची एक बाटलीही आणून दिली होती, त्यातही म्हणे हेच सगळं असतं. मी ती परत दिली. म्हटलं, एकाचा लोटा सुटेना, त्यात तुमची बाटली कशाला?

आता कुणी म्हणेल, आवळा खाल्ला आणि पोरगी वाऱ्यासारखी पळायला लागली. तसलं काही झालं नाही. आवळ्यानं कुणी पळत नाही, पायानं पळतात. झालं एवढंच, की पोट गप्प बसलं. दुसऱ्या दिवशी मांड्या हलक्या लागायला लागल्या. पळून आल्यावर परत पळावंसं वाटायला लागलं, जे वर्षभर वाटलं नव्हतं. बास. मला तेवढंच हवं होतं.

गणपतरावांना सांगायला मी तालमीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, ‘पाला शेळी खाती, पोरी. शेळीनं कवा कुस्ती मारलीया?’

‘शेळीला पळत जाऊन धरून दाखवा, वस्ताद,’ मी म्हणाले.

आखाड्यातली पोरं फिदीफिदी हसली आणि गणपतरावांचा चेहरा बघून तितक्याच पटकन गप्प झाली. मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. दररोज नको पिऊस, कॉलेज आहे, लांब राहतेस, समजू शकतो. पण शर्यतीच्या सकाळी लोटा चुकायचा नाही. तो तालमीचा मान आहे, आणि तुझ्या बापाचाही आहे. शेवटचं वाक्य त्यांनी जरा सावकाश म्हटलं.

जानेवारीत कोल्हापुरातच राज्य निवडीची शर्यत होती. रंकाळ्यावरून निघायचं, राधानगरी रस्त्यानं पुईखडीचा चढ चढायचा आणि परत. पहिल्या तिघींना राज्याच्या संघात जागा आणि पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात राहायची सोय. माझ्या दृष्टीनं तिसरी गोष्टही होती. कागलचं एक स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात कायम होता, माणसं चांगली होती आणि त्यांना पळणारी सून नको होती. वर्षभर हारत राहिलेल्या पोरीचा बाप किती दिवस नाही म्हणणार? आबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, निवड झाली तर तू पळ, मी कुणालाच भिणार नाही. नाही झाली तर मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहा. मी कबूल केलं होतं. शब्द दिला की दिला.

म्हणजे दूध प्यायले तर पुईखडीच्या चढावर पोट पिळणार, मी बसणार, आणि तिथून उठणार ती थेट कागलला. न प्यायले तर भर चौकात वस्तादांचा अपमान, आणि आबांची ती एकुलती एक अभिमानाची गोष्ट मातीत. रात्रभर विचार करायला मी काही तत्त्वज्ञ नव्हे. मी झोपले. पहाटे उठून आंबील केली, काकवी घालून थोडी प्यायले, दोन आवळे तोंडात टाकले आणि आबांच्या सायकलवर मागं बसले.

कट्ट्यावर थंडीनं म्हशींच्या नाकातून वाफा निघत होत्या. हलगीवाला हलगी शेकत बसला होता. तालमीची पोरं, दूध प्यायला आलेली माणसं, बघे, सगळे जमले होते. माझा चेस्ट नंबर गणपतरावांच्या जाकिटाच्या खिशात होता. नोंदणी तालमीच्या नावानं, म्हणून नंबर त्यांच्याकडं. तीच पद्धत, आधी लोटा, मग वस्ताद स्वतःच्या हातानं नंबर लावणार.

धार काढून झाली. तूप पडलं. हलगी कडाडली. गणपतरावांनी लोटा माझ्यापुढं धरला.

मी म्हणाले, ‘वस्ताद, मी दूध पिणार न्हाय. पिलं की मला पळता येत न्हाय. वर्षभर तुमी बघताय.’

हलगी आपोआप थांबली. गणपतराव खालच्या आवाजात बोलले, आणि हा माणूस खालच्या आवाजात बोलला की पोरं चार पावलं मागं सरतात. ‘लोकं बघाय लागल्यात. एक घोट घे. नाटकं करू नगंस.’

‘न्हाय.’

‘मग नंबर बी न्हाय.’

मी आबांकडं बघितलं. ते गर्दीच्या कडेला सायकल धरून उभे होते. चेहरा पार उतरला होता. त्यांना वाटत होतं मी त्यांचं नाक कापतेय, आणि मला ते सहन होईना. माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच. त्या लोट्यात त्यांचं काय आहे हे मला गणपतरावांपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून मी लोटा दोन्ही हातांनी घेतला. गणपतराव सुटल्यासारखे हसले. हलगीवाल्यानं काठी उचलली. मी लोटा घेऊन गर्दीतून वाट काढत आबांपाशी गेले.

‘आबा, ह्यो मान तुमचा हाय. तुमी प्या,’ मी म्हणाले. ‘मी पळते.’

मी हे डावपेच म्हणून केलं नाही. शप्पथ सांगते, मला खरंच वाटलं होतं की झालं, प्रश्न मिटला. दूध वाया जाणार नाही, वस्तादांचा मान राहील, आबांचा दुप्पट होईल. आबांनी सायकल एका पोराकडं दिली. हात सदऱ्याला पुसले. लोटा घ्यायला हात पुढं केले.

तेवढ्यात गणपतराव बोलले. रागानं नव्हे. अगदी सहज, घरातल्या माणसाला सांगावं तसं, कट्टेवाल्याकडं वळून.

‘अरं, केरबाला गलासात दे की.’

बास. एवढंच. कुणाला काही वावगं वाटलंही नसतं, कारण आवाजात माया होती. कट्टेवाला गलास विसळायलाही लागला. पण आबांचे हात तिथंच थांबले. माझ्या हातात लोटा, त्यांचे हात लोट्यापासून वीतभर लांब, आणि मधे ते वाक्य. मी आबांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना कळत गेलं तसं मला दिसत गेलं. पोरगी पठ्ठी होती, ढाल जिंकून आणणारी, म्हणून तिला लोटा. पोरीचा बाप कोण? तो केरबा. केरबाला गलास.

गणपतरावांना स्वतःलाही उशिरा कळलं असावं. त्यांचं तोंड उघडं राहिलं. ‘म्हंजे तसं न्हवं,’ ते म्हणाले. म्हशी रवंथ करत होत्या.

आबांनी माझ्या हातातून लोटा घेतला. तोंडाला लावला नाही. चालत गेले, तो कट्ट्यावर नीट ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही. मग गणपतरावांच्या समोर उभे राहिले. ज्या माणसापुढं त्यांनी वर्षभर हात जोडले, त्याच्यापुढं त्यांनी एक हात पसरला, तळवा वर करून, मागितल्यासारखा नव्हे तर आपली वस्तू परत घेतल्यासारखा.

‘पोरीचा नंबर द्या,’ आबा म्हणाले. ‘आमाला उशीर हुतोय.’

गणपतरावांनी खिशात हात घातला आणि नंबर दिला. तो आबांनी लावला, माझ्या छातीवर, टाचण्या तोंडात धरून, भट्टीनं पोळलेल्या बोटांनी. एक टाचणी मला टोचली.

रंकाळ्यापर्यंत आबा उभ्यानं पायडल मारत होते.

शर्यतीचं काय सांगायचं? पळाले. चांगली पळाले. पुईखडीच्या चढावर नाशिकची एक उंच पोर माझ्या पुढं होती आणि तिची पाठ माझ्यापासून लांब जाईना की जवळ येईना. पोट गप्प होतं. माझ्या डोक्यात मात्र तो रिकामा गलास खणखणत होता, आणि त्या रागावर मी चढ चढले. लोक म्हणतात राग धरून पळू नये, दम जातो. ज्यांना तसा राग कधी आलाच नाही त्यांनी खुशाल म्हणावं. उतारावर मी तिला गाठलं, तळ्याजवळ तिनं मला परत मागं टाकलं. मी दुसरी आले. पहिल्या तिघींत. कागल जिथं होतं तिथं राहिलं.

हार घेऊन सगळ्यांत आधी पुढं आले ते गणपतराव. धाप लागली होती, डोळे लाल. त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला आणि लोकांकडं बघत म्हणाले की काहीही असो, पोरगी आमच्याच तालमीची. मग जरा वाकून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, ‘सकाळी खाल्लंस तरी काय?’

मी हार काढून हातात घेतला. टाकून दिला नाही, तेवढी मी उर्मट नाही. म्हणाले, ‘घरला या आज संध्याकाळी. आई वाढंल. पर आमच्या वस्तीत, आमच्या घरात बसून, आमच्या वाटीत घ्यायला लागंल. खुराक काय हाय ते मग कळंल.’

वर्षभर त्यांची जीप मला सोडायला शिरोलीला यायची. ती हायवेवरच थांबायची. वस्तीत कधी वळली नाही. मला तेव्हा वाटायचं, रस्ता खराब आहे.

‘येतो की,’ गणपतराव म्हणाले. ‘न यायला काय झालं? येतोच की.’

आबांनी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. लोट्याचं, गलासाचं, नंबराचं. मी मोरीत पाय धूत होते, तिथून ऐकत होते. थोड्या वेळानं भांड्यांचा आवाज आला म्हणून बघते तर ती चुलीपुढं बसली होती आणि नाचणीचं पीठ कालवत होती. स्वतःच्या हातानं. चुलीच्या दुसऱ्या बाजूला माठाची भाजी शिजत होती. तिनं चांगली कल्हईची वाटी काढली, राखेनं घासली, आणि पाहुण्याच्या जागेवर चटई अंथरली.

आम्ही वाट बघितली. हायवेवरून गाड्या जात राहिल्या, एकही आत वळली नाही. आबा दारात जाऊन आले, परत आत बसले. शेवटी ते म्हणाले, वाढ आता, पोरगी उपाशी आहे. मी पाहुण्याच्या वाटीला हात घातला, तर आईनं माझा हात बाजूला सारला. ती स्वतः त्या चटईवर बसली. पाहुण्याच्या जागेवर. वाटी उचलली आणि आंबील प्यायली, सावकाश, चव घेत, मी तिला तसं खाताना कधीच बघितलं नव्हतं. आमच्या घरात आई नेहमी शेवटी, उभ्याउभ्या, चुलीकडं तोंड करून खायची.

वाटी खाली ठेवून तिनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

‘पाला वाईट नव्हता गं,’ ती म्हणाली. ‘आमाला दुसरं काय मिळूच दिलं न्हाय, ते वाईट हुतं.’

मग तिनं वाटी परत भरली आणि मला दिली.